गिरिपुष्प उपटणारे सर

साताऱ्याच्या कडेला जो डोंगर आहे त्याच्यावर मी रोज सकाळी जातो, ते हौसेनं नव्हे. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा वाचून दाखवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत "चाला" म्हणाले, म्हणून जातो. त्या डोंगराला आता वनउद्यान म्हणतात. खाली कमान, कमानीत लोखंडी फाटक, फाटकाशेजारी काय काय करू नये याची लांबलचक पाटी. पुढे दगडी पायऱ्या आणि थोड्या थोड्या अंतरावर कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेली बाकडी. मी एकही बाकडं सोडत नाही. त्यामुळे गावातल्या बऱ्याच दिवंगतांची नावं माझी तोंडपाठ झाली आहेत.

माघ-फाल्गुनात हा डोंगर गुलाबी होतो. झाडांवर पान म्हणून राहत नाही, नुसती फिकट गुलाबी फुलं. ही झाडं गिरिपुष्पाची. पुण्याहून माणसं गाड्या काढून फोटो काढायला येतात. लग्न ठरलेली जोडपी फोटोवाल्याच्या हुकमाप्रमाणे एकमेकांकडे बघून हसतात. सगळे म्हणतात, काय सुंदर! तेवढे दिवस मी मान खाली घालून चढतो. कारण ती झाडं मी लावलेली आहेत. म्हणजे मी, आमच्या शाळेतली तीन-चारशे पोरं, आणि आमच्यापुढे खांद्यावर पहार घेऊन चालणारे आमचे पी.टी.चे सर.

सर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शाळेत आले. अंगानं काटकुळे, मिशी बारीक कोरलेली, खाकी पँटला कायम इस्त्री. मैदानाच्या या टोकाला त्यांनी "सावधान" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या पोस्टातला कारकून शिक्का मारायचा थांबायचा, असं आम्ही सांगायचो. त्यांचे तास आठवड्यातून दोन, पण शाळा चालवायचे तेच. शिक्षा एकच. गृहपाठ नाही केला, मारामारी केली, प्रार्थनेत हसलं, काहीही असो, "जा. डोंगराला हात लावून ये. दौड के चल." डोंगर शाळेपासून चांगला लांब. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात तेवढा वेळ बसून परत यायची सोय होती. पण का कोण जाणे, आम्ही खरंच जायचो. मी गणितात कच्चा असल्यामुळे डोंगराचा पायथा मला घरच्या अंगणापेक्षा जास्त ओळखीचा होता.

सर मूळचे माणदेशातले, म्हसवडच्या अलीकडच्या एका गावचे. त्यांच्या गावात म्हणे देवळापाशी एकच कडुलिंबाचं झाड होतं आणि दुपारी अख्खं गाव बैलांसकट त्याच्याखाली असायचं. इतक्या लोकांत यांना जागा मिळायची नाही. पुढे नोकरीत मुलूखभर हिंडले, तरी एक सवय राहिली ती राहिलीच. सर कधी सावलीत बसायचे नाहीत. सावलीच्या कडेला, हातभर बाहेर, उन्हात बसायचे आणि भाकरी खाता खाता सावलीकडे बघायचे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "सावली बसायसाठी नसती रं. बघायसाठी असती. बसलं की मानूस झोपतंय."

अशा माणसाला तो डोंगर बघवेना, यात नवल नाही. शाळेच्या पटांगणातून तो समोर दिसायचा, करडा, उघडाबोडका. सर म्हणायचे, "माण मागं सोडून आलो, तर हितं फुडं पुन्यांदा माणच." शेवटी त्यांनी हेडसरांना पटवलं आणि आमचे शनिवार गेले. सकाळची शाळा सुटली की रांगेनं डोंगरावर. आधी उतारावर आडवे चर खणायचे, मग चराच्या काठानं खड्डे. खड्ड्याच्या जागी करवंदाची जाळी असायची, बोरी, तोरणाची झुडपं असायची. "काटं काढा आधी. कचरा साफ," असा हुकूम. हात रक्तबंबाळ व्हायचे. पण पोरं कोयता-कुदळ घेऊन जी तुटून पडायची, तो आनंद मला अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटत नाही.

गिरिपुष्प सरांनीच निवडलं. फांदी तोडून जमिनीत खोचली की जगते, पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. फौजी माणसाला आणखी काय पाहिजे! प्रत्येक पोराला दहा फांद्या. ज्यानं लावलं त्याच्या नावानं झाड ओळखायचं, ही सरांची रीत. वहीत काही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. पुढच्या शनिवारी चराच्या कडेनं हजेरी घेत चालायचे. "कदम, धावी ब, हजर. शिंदे, हजर. मुलाणी, मान टाकली हाय गड्या, पानी घाल." पोरं शाळा सोडून गेली, कारखान्यात लागली, फौजेत गेली, तरी सरांची हजेरी चालू. रस्त्यात एखादा मिशी फुटलेला माणूस भेटला की, "काय रं, तुझं तिसरं लय वर गेलंय, बघितलंस का?" म्हणून विचारायचे. त्या माणसाला आधी वाटायचं, आपल्या पोराबद्दल बोलतायत.

दहा-पंधरा वर्षांत डोंगर हिरवा झाला. गावानं सरांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. सरांना बोला म्हटलं, तर माईकपाशी गेले, डोंगराकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिरवं दिसतंय न्हवं? मग झालं. विश्राम!" आणि खाली उतरले. टाळ्या थांबेनात. मी तेव्हा कचेरीत नव्यानं लागलो होतो. मागच्या रांगेत बसून मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

पुढची तीस-पस्तीस वर्षं मी डोंगराकडे बघितलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. फायली, टिपणं, बदल्या. कोयनानगरला तीन वर्षं काढली, सांगलीला सहा, मग परत सातारा. निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे चांगलं अक्षर, वाईट गुडघा आणि ही साखर एवढंच शिल्लक होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला लागलो, त्याच आठवड्यात सर दिसले. पायऱ्यांवर नव्हे. सर पायऱ्यांनी कधी चालले नाहीत. तिसऱ्या बाकड्यावर मी धापा टाकत बसलो होतो, तर खालच्या चरातून पहारीचा आवाज आला. डोकावून बघितलं. ऐंशीच्या पुढचे सर, बनियनवर, एका झाडाच्या बुंध्याशी पहार घालून अख्खा भार टाकत होते. झाड हललं, करकरलं आणि आडवं झालं. सरांनी घाम पुसला, वर बघितलं आणि मला ओळखलं.

"आज कदम उपटला," सर म्हणाले.

 मी खाली उतरलो. बाजूला अशीच आठ-दहा झाडं पडलेली होती.

"सर, हे काय? तुम्हीच लावलेली ना ही?"

"म्हनूनच. दुसऱ्यानं लावली असती तर म्या हात लावला नसता." मग पहारीवर टेकून म्हणाले, "जरा गप ऱ्हा. काय ऐकू येतंय?"

मी कान दिला. काही ऐकू येत नव्हतं.

"त्येच. पाखरू न्हाई. घरटं न्हाई. खाली गवताची काडी न्हाई. दुसरं रोपटं उगवत न्हाई. नुसतं हिरवं दिसतंय गड्या. म्या दिसायपुरतंच लावलं."

हे त्यांना कुणा शास्त्रज्ञानं सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेच्या फाटकावर एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकायची. अलीकडे सरांना ती बाजारात भेटली, म्हातारी झालेली, घाऊक बाजारातले पेरू आणून विकत होती. सरांनी सहज विचारलं, "करवंदं न्हाईत का गं?" ती म्हणाली, "आवं सर, जाळ्या ठेवल्यात कुठं तुमच्या पोरांनी? तवाच सांगनार हुते. पर तुमी एवढं मोठं मास्तर, काय सांगायचं म्हनून गप बसले."

"एवढी वर्सं गप बसली," सर म्हणाले. "आन् म्या शाल घिऊन बसलो."

त्यानंतर सरांनी पहार काढली. जिथलं झाड उपटायचं तिथं बाहेरून आणलेल्या करवंदाच्या बिया टोचायच्या. लावताना पोरांची पलटण होती, आता एकटेच. चांगल्या दिवशी एखादं झाड निघायचं. मी रोज दोन मिनिटं उभा राहायचो, सर मदत मागतील की काय या धास्तीनं आधीच गुडघ्याची तक्रार सांगायचो आणि वर निघून जायचो. सरांनी कधीच मागितली नाही.

आता आमच्या चालणाऱ्यांच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. वर सपाटीवर रोज वीस-पंचवीस जण जमतात. हास्ययोग होतो, वाढदिवसाला पेढे होतात, मोबाइलवर गट आहे. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर. माणूस वाईट नाही, दर पावसाळ्यात पदरचं घालून रोपं आणतो. त्यांनी एक दिवस मोबाइलवर आडव्या पडलेल्या झाडांचे फोटो दाखवले. "आपण इथं ऑक्सिजन घ्यायला येतो आणि हा म्हातारा झाडं पाडतोय," ते म्हणाले. सगळे खवळले. मी म्हणालो, "अहो, त्यांनीच लावलीत ती." "मग काय झालं? आता ती सरकारची आहेत," अध्यक्ष म्हणाले, आणि कायद्यानं ते बरोबरच होतं. वनखात्याला अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज कोण लिहिणार? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. कचेरीतला माणूस, अक्षर चांगलं.

त्या दिवशी मी फार दमलो होतो. हे कारण नव्हे, मला कळतं. पण खरं तेच आहे. वाद घालायचा, सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं, मग रोज या वीस जणांचे चेहरे बघायचे, याचाच कंटाळा आला. मी बाकड्यावर बसून अर्ज लिहिला. "सदर इसम हे वनउद्यानातील जिवंत वृक्ष उपटून त्यांची हानी करीत असून" वगैरे. आयुष्यभर सरावाचं वाक्य, आपोआप उतरलं. सरांचं नाव मात्र त्यात घातलं नाही. एवढाच माझा चांगुलपणा. खाली सगळ्यांच्या सह्या, त्यांत माझी. मनाशी म्हटलं, फार तर समज देतील आणि सोडतील.

पंधरा दिवसांनी वनरक्षक बाई आल्या. तरुण पोरगी, बोलायला नम्र. सरांना कचेरीत बोलावलं, अर्ज पुढ्यात ठेवून वाचून दाखवला, वय बघून गुन्हा नोंदवला नाही. पुन्हा वनउद्यानात पाऊल टाकणार नाही, एवढं लेखी घेतलं. सरांनी सही केली. दुसरा कुणी असता तर आठवड्यात मागच्या बाजूनं चढला असता. सर फौजेतले. लिहून दिलं म्हणजे दिलं.

सरांचं घर डोंगराच्या पायथ्याशीच, फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्या दिवसापासून सर रोज सकाळी सहाला ओट्यावर खुर्ची टाकून डोंगराकडे तोंड करून बसायला लागले. मला तो रस्ता टाळता येईना. पहिल्या दिवशी मी नजर चुकवून निघालो होतो, तर हाक आली, "काय रं, वर चाललास? एक काम कर. तिसऱ्या बाकड्याखालच्या चरात जरा नदर टाक. बिया टोचल्यात. काय आलं का बघ आन् मला सांग."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परत येताना सरांच्या घरी चहा, हे मग ठरून गेलं. काकू, म्हणजे सरांची बायको, आतून कप आणायच्या. "आवं, त्यास्नी आत तरी घ्या, ओट्यावर कशाला," म्हणायच्या. सर उठायचे नाहीत. मान डोंगराकडे. "काय आलं का?" मी म्हणायचो, "अजून नाही." पावसाळा लागला, चांगला लागला. "काय आलं का?" "अजून नाही, सर." खरं सांगायचं तर मी चरात उतरतच नव्हतो. घसरडं, चिखल, गुडघा. पायऱ्यांवरून लांबून बघायचो आणि पुढे जायचो.

सर वाळत चालले होते. काकू एकदा मला फाटकापाशी गाठून म्हणाल्या, "जेवान कमी केलंय त्यांनी. येक तरी उगवलं आसतं तर बरं झालं आसतं हो. सारखं म्हनत्यात, म्या एवढा डोंगर मारला आन् एक जाळी लावता आली न्हाई." दुसऱ्याच दिवशी मी चहाचा कप हातात घेतला आणि म्हणालो, "सर, आलीत. चार-पाच रोपं आहेत करवंदाची."

सरांचा चेहरा असा उजळलेला मी सत्काराच्या दिवशीही पाहिला नव्हता. काकूंना हाका मारल्या. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या म्हणे. मला बरं वाटलं, आणि एवढं सोपं होतं तर आधीच का नाही बोललो, असंही वाटलं. मग मी रोज थोडं थोडं वाढवत गेलो. आज बोटभर झाली, आज काटा धरला. सर डोळे मिटून ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "एक पान आन. हातात घिऊन बघतो."

मी घरी जाताना गावातल्या नर्सरीत गेलो आणि करवंदाच्या रोपाचं एक पान खुडून घेतलं. दुसऱ्या दिवशी खिशातून काढून सरांच्या तळहातावर ठेवलं. सरांनी ते उलटं केलं, पालटं केलं, देठ मोडला. पांढरा चीक आला.

"करवंदच आहे, सर," मी घाईनं म्हणालो.

"करवंदच हाय. पर आपल्या डोंगरातलं न्हाई." सरांनी पान माझ्यापुढे धरलं. "किती गुबगुबीत हाय बघ. या पानाला तहान म्हंजी काय ते ठावंच न्हाई."

 सरांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोसलं असतं.

"अर्जावर सही केलीस ती खरी केलीस. पान आनलंस ते खोटं आनलंस. उलटं करायचं हुतंस गड्या, खोटं तिकडं आन् खरं माझ्यापाशी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कचेरीत अर्ज समोर ठेवला तेव्हाच त्यांनी माझं अक्षर आणि खालची सही ओळखली असणार. पावसाळाभर रोज सकाळी त्यांनी मला चहा पाजला तो हे माहीत असून. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पायऱ्या सोडल्या, बुडावर घसरत चरात उतरलो आणि वाकून बघितलं. सरांनी उपटलेल्या प्रत्येक जागी राहिलेल्या मुळीतून गिरिपुष्पच फुटलं होतं, कमरेइतकं, तजेलदार. करवंदाचं एकही रोप नव्हतं. दोनदा फिरून बघितलं. खाली आलो, ओट्यावर न बसता उभ्यानंच सांगितलं.

"सर, काही नाही आलेलं. गिरिपुष्पच फुटलंय परत."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

सरांनी मान हलवली. "मुळी ऱ्हायली आसंल. पहारीला जोर लागत न्हाई आता."  मग माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा डोंगराकडे पाठ केली. "तू अर्ज चांगला लिवतोस. वनखात्याला अर्ज कर. हे काढायची परवानगी माग, रीतसर. मानसं गोळा कर, ती मुळासकट काढतील. आपली पोरं हाईत गावात, आता म्हातारी झाली आसतील, पर हाईत. मला वर जाता यायचं न्हाई. तू हुबा ऱ्हा म्होरं. करशील?"

आयुष्यात सरांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.  डोळ्यांपुढे कचेरीच्या खेपा आल्या, मंडळातली वीस तोंडं आली, अध्यक्षांचा मोबाइल आला, ज्यांना घरी जाऊन आठवण करून द्यावी लागेल अशा त्या तीन-चारशे पोरांचे म्हातारे चेहरे आले. हो म्हणणं अगदी सोपं होतं. रोज येऊन 'अर्ज वर गेलाय सर, साहेब रजेवर आहेत सर' म्हणत मी त्यांना आणखी दोन वर्षं आनंदात ठेवू शकलो असतो. त्या कलेत तर माझी अख्खी नोकरी गेली होती.

"सर," मी म्हणालो, "माझ्याच्यानं नाही होणार."

 सर हळूहळू पुन्हा डोंगराकडे वळून बसले.

"हे खरं बोललास," ते म्हणाले, आणि आत तोंड करून काकूंना हाक दिली, "आगं, च्या टाक. ह्यो थकलाय."

मी बसलो. काकूंनी कप आणून दिला. तो चहा मला घोटभर नको होता, आणि तरी तो संपू नये म्हणून मी फार वेळ कप हातात धरून बसलो.